एकसष्टीला काय द्यावं, संक्रांतीला काय लुटावं

एका सुनेनं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंची एकसष्टी डिसेंबरच्या शेवटी आहे. सासू-सासरे डोंबिवलीत वन-बीएचकेत राहतात. कपाटं भरलेली, माळाही भरलेला. काय हवं म्हणून विचारलं तर सासूबाई एकच सांगतात, "काही नको गं, ठेवायला जागा नाही." पण रिकाम्या हातानं जायला सुनेचं मन घेत नाही. त्यात जानेवारीत तिच्याकडे हळदीकुंकू आहे, पस्तीसेक बायका येतील. दरवर्षीसारखी प्लास्टिकची डबी लुटायची तिची इच्छा नाही. मग काय द्यावं?

मी चौदा वर्षं पुण्यात लोकांना घर आवरून देण्याचं काम करते. माझं बरंचसं काम पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांमधलं. कोथरूड, एरंडवणे भागातल्या जुन्या इमारती पाडायच्या ठरल्या की तिथल्या मंडळींना दोन-तीन वर्षं भाड्याच्या, बहुतेक वेळा लहान, घरात जावं लागतं. निघण्याआधी चाळीस वर्षांचा संसार एकदा खाली उतरतो. त्यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो माळा, आणि माळ्यावरून सगळ्यात जास्त निघतात त्या भेट आलेल्या वस्तू. खोक्यातून एकदाही बाहेर न काढलेला डिनर सेट. लेमन सेट, एका घरात सात निघाले होते. भिंतीवरची घड्याळं, सत्काराच्या शाली, काचेच्या पेटीतले गणपती, ब्लाउजपीसांचं गाठोडं. आणि नावं घातलेली स्टीलची भांडी.

या वस्तू इतकी वर्षं का राहिल्या, हे समजल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. मी विचारते, "काकू, हे देऊन टाकायचं का?" काकू वस्तूकडे बघतच नाहीत. त्या म्हणतात, "नको, वन्संनी दिलंय. आल्या की विचारतात." किंवा, "माझ्या भावानं पहिल्या पगारातून आणलंय." म्हणजे वस्तू आवडत नाही, वापरात नाही, पण देणाऱ्याची भीड आहे. विकत आणलेली नावडती कढई माणूस दोन वर्षांत काढून टाकतो. भेट मिळालेली कढई वीस वर्षं माळ्यावर राहते. पसारा न वाढवणारी भेट द्यायची असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा: घरात एक वस्तू गेली की तिच्यामागून आपली भीडही जाते, आणि वस्तूपेक्षा भीड जास्त जागा खाते.

म्हणून मी भेट सुचवताना दोनच गोष्टी बघते. त्या घरात काय संपतं, आणि त्या घरात कुठलं काम अडलंय. तिसरा प्रश्न विचारायची वेळ फार क्वचित आली आहे.

आधी संक्रांतीचं बघू, ते सोपं आहे. आपल्याकडचं जुनं वाण आठवून बघा. सुगडात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ. त्या दिवसांत शेतात जे पिकतं तेच, आणि चार दिवसांत संपणारं. उरतं ते मातीचं सुगड, तेही शेवटी मातीतच जातं. ओटीतही तांदूळ आणि नारळ संपतात, मागे राहतो तो फक्त खण. देवाण-घेवाण किती विचारपूर्वक बसवलेली होती हे माळे उतरवताना मला फार जाणवतं. संपणाऱ्या वाणाच्या जागी न संपणारं वाण कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण माझ्या आईच्या हळदीकुंकवात स्टीलच्या वाट्या होत्या आणि माझ्या पिढीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या चाळण्या आल्या. एकीला एका महिन्यात दहा घरी जायचं असतं. दहा वाणं, म्हणजे दहा वस्तू. पाच वर्षांत पन्नास.

तेव्हा संपणारं लुटा. जानेवारीत गुऱ्हाळं चालू असतात, नवा गूळ बाजारात असतो, आणि संक्रांतीला गुळाइतकं शोभणारं दुसरं काय आहे? पस्तीस जणींना पाव-पाव किलो म्हणजे पावणेनऊ किलो. वाण्याला आधी सांगून ठेवलंत तर तो लहान ढेपा आणून देतो. बटर पेपरात गुंडाळा, वरून सुती दोरा. डबीत भरलात तर परत डबी आलीच. गूळ नको असेल तर त्याच दिवसांत ओली हळद आणि आंबेहळद मंडईत येते. दोन्ही मिळून पाव किलो, सोबत दोन लिंबं आणि लोणच्याची कृती लिहिलेली चिठ्ठी, हे वाण मी स्वतः तीन वर्षं लुटलं आहे. मार्चमध्ये बायका फोन करून लोणचं छान मुरलं म्हणून सांगतात. चाळणी छान आहे म्हणून कुणी फोन केल्याचं मला आठवत नाही. घरी केलेलं मेतकूट, फुलवाती, कापूर हेही चालतं. रोपं मात्र सगळ्यांना सरसकट देऊ नका. जिच्या घरी गॅलरी नाही किंवा जी उन्हाळ्यात महिनाभर गावी जाते, तिला रोप म्हणजे एक काळजी आणि मग एक रिकामी कुंडी.

आता एकसष्टी. ही जागा सांभाळून चालायची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खाण्याच्या वस्तू द्यायच्या तर सगळ्यात पहिली चूक होते ती प्रमाणात. दोन माणसांच्या घरात दहा किलो तांदूळ नेणं म्हणजे पोरकिडे नेणं. आंब्याच्या दिवसांत हापूसची पाच डझनांची पेटी कौतुकानं जाते, सगळी एकदम तयार होते, आणि दोघंजण चार दिवस आंबे संपवण्याच्या मागे लागतात किंवा वाटत फिरतात. त्याऐवजी डझनभर आंबे न्या आणि विकणाऱ्याला सांगा, चार आजचे, चार परवाचे, चार आणखी चार दिवसांनी लागणारे द्या. हेच तुपाचं, हेच घाण्याच्या तेलाचं. एक लीटर न्यायचं, पाच नाही. आणि घरात कुणाला साखर असेल तर मिठाईचा खोका म्हणजे त्यांच्यापुढे रोजची परीक्षा. डिसेंबरात द्यायचं तर आजऱ्याचा घनसाळ किंवा मुळशीचा आंबेमोहोर दोन किलो. दोन्ही तांदळांना भौगोलिक मानांकन आहे, आणि नवा भात नुकताच निघालेला असतो. पण नवा तांदूळ गिचका होतो. त्यांना मोकळा भात लागत असेल तर जुनाच मागून घ्या. खाण्याची भेट देताना त्या घरातला भात कसा लागतो एवढं माहीत असणं म्हणजेच आपुलकी.

पण एकसष्टीला फक्त तांदूळ नेऊन तुमचं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. इथे दुसरा प्रश्न कामाला येतो: कुठलं काम अडलंय? साठीच्या पुढच्या घरात अशी कामं नेहमी असतात. माणसं बोलत नाहीत, कारण त्यासाठी कुणाला तरी बोलवावं लागतं, स्टुलावर चढावं लागतं, नाहीतर रिक्षानं जावं लागतं. पितळेची पातेली कल्हईवाचून पडून असतात. वेताची खुर्ची फाटलेली असते. कापसाची गादी पिंजायला झालेली असते, गोळे पाठीला टोचतात, पण पिंजारी आता दारावरून जात नाही. मिक्सरच्या भांड्याची पाती बोथट, कुकरची रिंग सैल, विळीला धार नाही. ठेवणीतल्या रेशमी साडीची घडीवर चीर गेलेली असते आणि रफूवाला कुठे मिळतो ते त्यांना माहीत नसतं. बाथरूममध्ये धरायला दांडा नाही. यातलं एकही काम करून दिलंत तर घरात नवी वस्तू येत नाही, उलट जी आहे ती परत वापरात येते. दांडा ही वस्तू खरी, पण ती भिंतीत बसते, तिला फळी लागत नाही आणि ती एक पडणं वाचवते. माझ्या मते साठीनंतरच्या माणसाला देण्यासारख्या भेटींत तिचा नंबर फार वरचा आहे.

सासूबाईंकडे सुती साड्या असतीलच. जुन्या, मऊ झालेल्या, नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांची गोधडी शिवून द्या. एका गोधडीत चार-पाच सहावारी सहज जिरतात. फक्त सगळ्या सुतीच घ्या. सुती आणि सिंथेटिक एकत्र शिवलं की धुतल्यावर एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि गोधडीला चुण्या पडतात. साड्या कुठल्या, वरची कुठली, काठ कुठे यायला हवा, हे त्यांनाच ठरवू द्या. कपाटातून पाच साड्या बाहेर जातात आणि अंगावर घ्यायची एक गोधडी परत येते. पूर्वी बोहारीण दारावर यायची, जुने कपडे न्यायची आणि भांडं द्यायची, तेव्हा घरातून काहीतरी नियमानं बाहेर पडत होतं. आता ते आपल्याला ठरवून करावं लागतं.

इथे एक इशारा, आणि तो मी दुखवून शिकले आहे. माझ्या मावशीच्या पंचाहत्तरीला मी तिला महिनाभर स्वयंपाकाच्या बाई लावून दिल्या. मला वाटलं, तिला विश्रांती मिळेल. मावशीनं पहिल्याच दिवशी बाईंना चहा पाजून परत पाठवलं आणि संध्याकाळी मला फोन केला, "माझ्या हातचं आता होत नाही असं वाटतं का तुला?" तिच्या आवाजातलं ते दुखणं मी अजून विसरलेले नाही. स्वयंपाक हे तिचं अडलेलं काम नव्हतं, ते तिचं स्वतःचं काम होतं. तिचं अडलं होतं ते वेगळंच: पंखे पुसायला तिचा हात पोचत नव्हता. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून सेवेची भेट द्यायची तर मी आधी घरात दोन तास बसते, चहा घेते, आणि माणूस कुठे थांबतो ते बघते. म्हणून सासूबाईंना न विचारता त्यांचा माळा आवरून देण्याचा विचार कृपा करून करू नका. मुलं हौसेनं असं करतात, आणि त्यानंतर मी रडणाऱ्या आया पाहिल्या आहेत.

नाटक, गाणं, प्रवास यांचं नाव आता सगळेच घेतात. चांगली भेट आहे, पण अर्धवट दिली जाते. "कधीही जा" म्हणून दिलेलं व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडतं आणि मुदत संपली की मनाला टोचत राहतं. भेट द्यायची ती तारखेसकट. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन. दुपारचा प्रयोग घ्या, म्हणजे परत यायला रात्र होत नाही. गुडघे दुखत असतील तर बाल्कनी नको, खालच्या मजल्यावरची कडेची खुर्ची बघा. न्यायचं कुणी आणि आणायचं कुणी हेही तिकिटासोबत ठरवा. किंवा त्यांना माहेरच्या गावी घेऊन जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे, सासऱ्यांची पासष्टी झाली असेल तर त्यांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरी झालेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून फुकट. सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र तेवढं जवळ असू द्या. गाडीभाड्याचे वाचलेले पैसे राहण्याच्या जागेवर घाला, जिथे पलंग आणि कमोड आहे अशा. साठीनंतर प्रवास ठरतो तो याच दोन गोष्टींवर.

वाचनाची आवड असेल तर पुस्तकं देण्यापेक्षा वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरा. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. घराजवळचं बघा, पायी जाता येईल असं. अनेक वाचनालयं दिवाळी अंकांचीही वेगळी योजना चालवतात. एकदा पैसे भरले की अंक बदलून बदलून वाचायला मिळतात आणि घरात एकही साठत नाही.

पैशाबद्दल फार बोलत नाही. पाकीट देणं कमीपणाचं नाही, फक्त ते कशासाठी आहे हे सांगून द्या, नाहीतर ते घरखर्चात जातं. नातवंडांना खेळण्यांऐवजी काय, असं विचारणाऱ्यांना मी सांगते, दहा वर्षांच्या आतली नात असेल तर सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं. वर्षाला किमान २५० रुपये भरून ते चालू राहतं. खातं आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनीच उघडावं लागतं, आजी-आजोबांनी रक्कम त्यांच्या हातात द्यायची.

आणि कधीतरी वस्तूच द्यायची असते, तिला पर्याय नसतो. मग काही पथ्यं पाळा. नाव घालू नका. पूर्वी लग्नकार्यात भांडी एकमेकांकडून आणली जायची, ती अदलाबदल होऊ नयेत म्हणून नावं घालणं गरजेचं होतं. आज नाव घातलेलं भांडं पुढे कुणालाही देता येत नाही, ते त्या घरात कायमचं अडकतं. बिल सोबत द्या. नवं काही देताय तर त्याच जातीचं जुनं तुम्ही घेऊन जा. नवा तवा देऊन जुना तवा पिशवीत घालून निघालात तर फळीवर जागा तेवढीच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, देतानाच तोंडानं सांगा: "नाही आवडलं, नाही लागलं, तर खुशाल पुढे द्या. मी कधी विचारणार नाही." आणि खरंच विचारू नका. पुढच्या वेळी गेलात तर नजरेनंही शोधू नका. सून म्हणून तुम्ही ही मोकळीक दिलीत तर सासूबाईंना इतरांच्या वस्तूंकडेही थोड्या मोकळेपणानं बघता येईल. मी हे घडताना पाहिलं आहे.

तुमच्यासाठी मी काय निवडलं असतं, तेही सांगते. सासूबाईंच्या घरात फोटोंची एक पेटी असेलच. काळ्या पानांचे अल्बम, पाकिटातले सुटे फोटो, मागे फोटोग्राफरचा शिक्का. एकसष्टीला महिनाभर असताना दोन रविवार त्यांच्याकडे जा. पेटी काढा, शेजारी बसा आणि प्रत्येक फोटोतलं कोण कोण ते विचारा. त्या सांगतील ते लिहून घ्या, जमलं तर फोनवर आवाजही साठवा. फोटोमागे नाव लिहायचं तर मऊ शिशाच्या पेन्सिलनं, हलक्या हातानं; बॉलपेननं लिहिलं की पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उमटतात. स्कॅन करताना नेहमीच्या फोटोला ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक यावं त्याचं माप) पुरतं, पासपोर्टएवढ्या लहान फोटोला ६०० ठेवा. काळ्या पानांना चिकटलेले फोटो ओढून काढू नका, पानासकटच स्कॅन करा. त्यातून निवडक साठेक फोटोंचा एकच पातळ अल्बम छापा, नावांसकट. फ्रेमा नको, आणि कॉफीचे मग, उशा, घड्याळं यांवर फोटो छापून आणणं तर मुळीच नको.

हे मी का सुचवते? घर उपसताना लोक ज्या गोष्टीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात ती हीच. पंच्याऐंशीच्या एक आजी एका फोटोकडे बघत म्हणाल्या, "ही माझ्या आईच्या शेजारी उभी आहे ती कोण, हे सांगणारं आता कुणीच उरलं नाही." तुमच्या सासूबाई एकसष्टच्या आहेत. त्यांना सगळे आठवत असतील. विचारायला आत्ता वेळ आहे.

फोटोंना वेळ कमी पडला तर अल्बम नंतर देता येईल, नावं मात्र आधी लिहून घ्या. साड्यांची निवडही त्याच रविवारी करून टाका, गोधडी शिवणाऱ्या बाईंना वीस-पंचवीस दिवस तरी लागतात. एकसष्टीच्या दिवशी हातात काय न्यायचं ही चिंता उरलीच, तर नारळ आणि अबोलीचा गजरा न्या. प्लास्टिकात गुंडाळलेला गुच्छ नको, त्याला घरात फुलदाणी शोधावी लागते. दिव्यांनी ओवाळून झालं की गजरा तुमच्या हातानं त्यांच्या केसांत माळा, आणि नारळ दुसऱ्या दिवशीच्या आमटीला होईल.